पिशवी भरू नये म्हणून उपाशी राहू नका, बाबा

ती. आई-बाबांस सा. न.

आई, काल फोनवर तू हळूच सांगितलंस, की ऑपरेशननंतर पोटावर लावलेली मळाची पिशवी भरू नये म्हणून बाबा पाणी कमी पितात आणि रात्रीचं जेवण टाळतात. मला रात्रभर झोप नाही.

बाबा, मोठं आतडं अन्नातलं पाणी आणि मीठ शोषून घेतं. सध्या आतड्याची वाट त्याच्या आधीच पोटावर काढलेल्या तोंडाकडे वळवलीय, म्हणून ते सगळं पिशवीत जातं. तुम्ही प्यायचं थांबवलंत तर त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, उलट शरीरातलं मीठ आणखी वाहून जातं. ओआरएस घोट घोट घ्या, मऊ भात, केळं, मीठ घातलेलं ताक घ्या. पिशवीतलं मोजायचं भांडं वेगळं ठेवा. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं, उभं राहताना चक्कर आली, पायात गोळे आले किंवा लघवी कमी आणि गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, माझी वाट पाहायची नाही.

'हे मागे कशाला लावलं' असं तुम्ही विचारता. ऑपरेशनमध्ये आतड्याची टोकं जोडलीत, तो खालचा जोड भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून. २००७ साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, २३४ रुग्णांचा. पिशवी नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांना जोड गळल्याचा त्रास झाला, असलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना. जोड गळला तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो, जिवावर बेततं.

आई, पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या प्लेटचं भोक पोटावरच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं काप. मागच्या वेळी मोठं झालं, म्हणून कातडी सोलवटली. तोंड लाल आणि ओलसर असणं चांगलं, हात लागला तरी दुखत नाही. जांभळट-काळं दिसलं, किंवा पिशवीत काहीच येत नाही आणि पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या, तर थेट दवाखाना. सुकं खोबरं, मका तूर्त नको, अडकतात.

तोंड कधी बंद होणार ते किमो आणि जोडाच्या तपासणीवर आहे. लांबूही शकतं, काहींचं बंद होतच नाही. खोटी आशा मी देणार नाही.

बाबा, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा आणि गुरुवारच्या भजनाला जा. तीन गुरुवार तुम्ही घरी बसलात. या आठवड्यात मी बुधवारीच येतेय, भजनाला तुमच्या शेजारी बसेन.

तुमची लेक