मधलं सांग

चि. कल्याणीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस, मी "बरं" म्हणून ठेवून देतो. चार दिवस हेच चाललंय. म्हणून आज कागद घेतला. मोबाईलवर लिहिलं असतं तर दोन निळ्या खुणा दाखवून तू गप्प बसली असतीस.

निकाल मला माहीत आहे. तुमच्या व्हॉलीबॉल मॅचचा पाचवा सेट, १३-११ आपण पुढे, तुझी जंप सर्व्ह नेटमध्ये. नंतर १४-१५ ला समोरून आलेला बॉल तुझ्या हातावरून उडून बाहेर. हे तुझ्या रूम पार्टनरने तुझ्या आईला सांगितलं. वर असंही की तू आता जंप सर्व्ह मारणार नाहीस, खाली उभी राहून नुसता बॉल पलीकडे टाकणार. तुझी आई म्हणाली, तिला समजवा. मी म्हटलं, काय समजवू? मला फक्त शेवट कळलाय.

यावरून एक जुनी संध्याकाळ आठवली, ती लिहितो. ३ जुलै १९९३, शनिवार. मी कॉलेजच्या ॲडमिशनसाठी जळगावला मामांकडे उतरलो होतो. मामांकडे नुकतीच केबल आली होती, त्यामुळे जे लागेल ते सगळे बघायचे. त्या दिवशी विम्बल्डनची बायकांची फायनल होती. तिकडे दुपारी दोनला मॅच सुरू झाली की आपल्याकडे साडेसहा वाजतात. मामी कळण्याच्या भाकरी टाकत होत्या आणि मधूनमधून दारात येऊन बघत होत्या. टेनिस मला ओ की ठो कळत नव्हतं. स्टेफी ग्राफ माहीत होती, कारण ती सगळ्यांनाच माहीत होती. समोरची होती याना नोव्होत्ना, चेक प्रजासत्ताकाची. तो देशच सहा महिन्यांपूर्वी चेकोस्लोव्हाकियाचे दोन तुकडे होऊन झालेला. ही बाई सर्व्हिस केली की बॉलच्या मागोमाग स्वतः नेटवर धावत यायची आणि बॉल जमिनीला लागायच्या आत मारायची. मला ती तिथेच आवडली. अगं, हे तर आपलं व्हॉलीबॉलच झालं!

पहिला सेट ग्राफने टायब्रेकवर घेतला. दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा सरळ ओढून नेला. तिसऱ्यात ती ४-१ पुढे, सर्व्हिस तिची, ४०-३०. एक पॉइंट आला की ५-१. आणि लाईट गेली.

तेव्हा पावसाचे चार थेंब पडले की लाईट जायची. मामांनी कंदील लावला, आम्ही जेवून घेतलं. मी मनात तिला जिंकवूनही टाकलं होतं. लाईट आली तेव्हा पडद्यावर ती एका राजघराण्यातल्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडत होती. ती बाई म्हणजे केंटची डचेस, बक्षीस द्यायला आलेली. मामी म्हणाल्या, "काय झालं गं बाई हिला? घरातलं कोणी गेलं का?"

मधे काय झालं ते मला कैक वर्षांनी कळलं, मोबाईलवर ती मॅच सापडली तेव्हा. त्या ४०-३० ला तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे पहिली सर्व्हिसही चुकली आणि दुसरीही. मग एक सोपी व्हॉली बाहेर, मग डोक्यावरचा स्मॅश नेटमध्ये. पुढच्या सर्व्हिस गेममध्ये तीन डबल फॉल्ट. ४-१ वरून सेट ४-६. हिने कच खाल्ली असं जगभर लिहून आलं, आणि खोटं नाही, खाल्लीच. पण मी ते तीनदा बघितलं तेव्हा दुसरंच दिसलं. बॉल हातात आला की ती थांबतच नव्हती. मागचा पॉइंट अंगावरून उतरायच्या आत पुढचा सुरू. दुसरी सर्व्हिस हळू टाकून वेळ मारून न्यावी हेही तिने केलं नाही. जोरातच मारत राहिली आणि चुकत राहिली. तज्ज्ञ म्हणतील, तेच चुकलं. मला वाटतं चुकली ती घाई, जोर नाही. मी काही कोच नाही, पण खळ्यात माशाचं जाळं बांधून पंधरा वर्षं खेळलोय, एवढं तरी बोलायचा हक्क आहे मला.

आणखी एक. त्या संध्याकाळी रडणाऱ्या नोव्होत्नाच्या नावावर आधीच नऊ ग्रँडस्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदं, होती. पाच बायकांच्या दुहेरीतली, चार मिश्र दुहेरीतली. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दुहेरी कोण मोजतं? जोडीने खेळून जिंकलेलं जिंकणंच नाही असा एकूण लोकांचा समज. तू सहाजणींत खेळतेस, तुला हे कळेल.

पुढचं तुला ठाऊक असेल किंवा गुगल सांगेल. १९९८ मध्ये नाताली तोझियाला ६-४, ७-६ हरवून तिने विम्बल्डन घेतलं, वयाच्या २९ व्या वर्षी, आणि जिंकणारीची थाळी दिली त्याच डचेसने. लोकांना एवढंच सांगायला आवडतं. रडली, मग जिंकली. म्हणजे पुन्हा मधे लाईट गेलेली! १९९५ ला पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनला चांदा रुबिनविरुद्ध ती तिसऱ्या सेटमध्ये ५-० पुढे होती, ४०-० वर. नऊ मॅच पॉइंट मिळाले, म्हणजे नऊ वेळा एका पॉइंटवर मॅच होती, आणि हरली. १९९३ नंतर दोन वर्षांनी, पुन्हा तेच, आणि जास्त वाईट. १९९७ ला परत विम्बल्डनची फायनल, समोर सोळा वर्षांची मार्टिना हिंगिस. पहिला सेट घेऊन हरली. मग पुढच्या वर्षी सेमीफायनलला त्याच हिंगिसला हरवलं, आणि त्याच स्पर्धेत त्याच हिंगिसबरोबर जोडी करून दुहेरीही जिंकली. तिची कोच हाना मांडलिकोव्हा स्वतः विम्बल्डनच्या दोन फायनल हरलेली, एकही जिंकलेली नाही. त्या दोघी हॉटेलवर परत आल्यावर एकमेकींशी काय बोलत असतील, हे मला फार ऐकावंसं वाटतं. ते कुठल्या कॅमेऱ्यात येत नाही. २०१७ ला नोव्होत्ना कॅन्सरने गेली, ४९ व्या वर्षी. बातमी वाचली तेव्हा मी बागेत पाणी भरत होतो. तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, कोण?

आता माझं मधलं सांगतो, म्हणजे तुला मागायला मला तोंड राहील.

तू आठवीत होतीस. मे महिन्याचा शेवट, नदीकडच्या केळीच्या बागेत घड भरून आलेले, व्यापारी आठ दिवसांनी कटाईला येणार होता. रात्री वादळ आलं आणि सकाळी अर्धी बाग आडवी. मी तीन दिवस कोणाशी बोललो नाही. तू चहा आणून पायरीवर ठेवायचीस आणि जायचीस, त्यावर माशा बसायच्या. सगळ्या गावाला मी एकच वाक्य सांगितलं, वादळ आलं, बाग गेली. ते खरंच होतं. पण तुझ्या काकाने महिनाभर आधी सांगितलं होतं की घडांना टेकू दे, पट्ट्या बांधून घे. बांबू आणायचा, मजूर लावायचे, म्हणून मी टाळत राहिलो, आणि शेवटी म्हटलं, आता आठच दिवसांचा तर प्रश्न. काकाने टेकू दिलेल्या ओळी बऱ्याच उभ्या राहिल्या होत्या. मी त्या बाजूने जाणंच सोडलं. हे आजपर्यंत फक्त तुझ्या आईला माहीत होतं, तेही मी सांगितलं म्हणून नाही, तिने बघितलं म्हणून.

त्यानंतर मी केळी लावायची सोडली का? नाही. दुसरं येतं काय मला? पण टेकू आता घड बाहेर आला की लगेच देतो. तुझी आई हसते, म्हणते, तुमच्या बागेत केळीपेक्षा बांबू जास्त.

तर तू सांग. १३-११ ला बॉल हातात आला तेव्हा काय झालं? उसळवलास का जमिनीवर, तुझे ते तीन टप्पे, की तसाच वर फेकलास? टॉस पुढे गेला? हात भरून आला होता? की मागच्या रॅलीत काही झालं होतं ते डोक्यात होतं? जंप सर्व्ह सोडायची असेल तर सोड, खेळ तुझा आहे. पण कशामुळे चुकली ते कळल्याशिवाय सोडू नकोस एवढंच माझं म्हणणं. आणि त्या दिवशी मैदानावरच रडलीस म्हणून तुला लाज वाटतेय असंही कानावर आलं. तू कुठे कोणाच्या खांद्यावर रडलीस ते मला विचारायचं नाही. होतं ना कोणी, मग झालं.

आजीचा रोज एकच प्रश्न, "पोरगी जेवू राह्यली का नाही?" बामणोदची वांगी आली आहेत. भरीत तू आल्याशिवाय करायचं नाही असं तिने जाहीर केलंय, त्यामुळे घरात सगळे तुझ्यावर चिडलेले आहेत. सुटी लागली की ये. भुसावळला उतरलीस की फोन कर, मी गाडी घेऊन येतो. रस्त्यात बोलू, नाहीतर नको बोलू.

खळ्यात नेट बांधून ठेवलंय, एक टोक लिंबाला आणि एक काकाच्या ट्रॉलीला. तिकडून येताना पंपाची सुई घेऊन ये, इथली मोडली आहे आणि बॉल बसलाय.

तुझे,
पप्पा