तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत वायर कटची सोय हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठिबकचे १६ मिलिमीटरचे कनेक्टर, फवारणी पंपाचे नोझल यांसारख्या, शेतकऱ्याला हंगामात रोज लागणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तू आता विदर्भातील तालुक्यांच्या ठिकाणीही लहान मोल्डिंग मशीनवर तयार होतात. मात्र ज्या मोल्डमधून (साच्यातून) त्या निघतात, तो मोल्ड बनवण्याची किंवा नीट दुरुस्त करण्याची सोय या तालुक्यांत जवळजवळ नाही. मोल्डमध्ये बसवलेला, वस्तूला आकार देणारा पोलादी तुकडा म्हणजे इन्सर्ट; तो झिजला की तो नागपूरला जॉबवर्कच्या रांगेत थांबतो, नाहीतर ट्रान्सपोर्टने पुण्याला किंवा राजकोटला जातो. तारेच्या ठिणग्यांनी पोलाद कापणाऱ्या वायर कट मशीनवर त्याचे काम काही तासांचे असते, पण जाण्यायेण्यात आणि वाट पाहण्यात इतके दिवस जातात, की ऐन फवारणीच्या दिवसांत मोल्डिंग मशीन बंद ठेवावे लागते.

मोल्डच्या कामात वायर कटचे महत्त्व काय, हे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पूर्वी पोलाद मऊ असतानाच इन्सर्ट घडवावा लागे आणि मग तो हार्डनिंगला, म्हणजे भट्टीत तापवून कडक करायला, जाई. भट्टीतून आल्यावर तो थोडा तरी वाकलेला असे, आणि कारागीर ग्राइंडिंग व पॉलिशचा दगड घेऊन तो बसवत राही. वायर कटमध्ये बहुधा पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार आणि पोलाद यांच्यामध्ये, क्षार काढलेल्या पाण्यात, सतत ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगीसरशी धातूचा सूक्ष्म कण निघून जातो. तार पोलादाला टेकत नाही, त्यामुळे जोर पडत नाही आणि पोलाद किती कडक आहे याने अडत नाही. म्हणून आधी हार्डनिंग करून घ्यायचे आणि मग इन्सर्टचा आकार, प्लेटमधील त्याचा खिसा, तयार वस्तू बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची गोल नसलेली भोके कापायची, असा क्रम ठेवता येतो. एक रफ कट आणि त्यावर दोन-तीन बारीक कट घेतले, तर मापात काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक राहतो.

हे मायक्रॉन शेतापर्यंत जातात. इन्सर्ट आणि त्याचा खिसा यांच्यात दोन-तीन शतांश मिलिमीटरची फट राहिली, तर पॉलिप्रॉपिलीनसारखे पातळ वाहणारे प्लास्टिक तिच्यात शिरते आणि कनेक्टरच्या दातऱ्यांवर पापुद्रा येतो. तो ब्लेडने काढताना दातरा कापला जातो, नळी घट्ट बसत नाही आणि शेतात पाणी गळते. आत सुटलेला पापुद्रा पुढे ड्रिपरमध्ये जाऊन अडकतो. शेतकरी म्हणतो माल हलका आहे, कारखानदार प्लास्टिकच्या दाण्याला दोष देतो. दोष बहुतेक वेळा इन्सर्टच्या कडेचा असतो.

संख्यात्मक नियंत्रणाचे वायर कट मशीन स्वित्झर्लंडमध्ये १९६९ मध्ये बाजारात आले. म्हणजे हे तंत्र नवे राहिलेले नाही. लहान उद्योजकाला ते एकट्याने घेणे परवडत नाही, हे खरे. परंतु केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमातून सामाईक सुविधा केंद्र उभारता येते, आणि मोल्डिंग करणारे, शेती अवजारे बनवणारे, पत्रा कापण्याचे पंच-डाय वापरणारे असे सगळे मिळून एका मशीनला पुरेसे काम देऊ शकतात.

येथे माझी कळकळीची विनंती आहे की, असे केंद्र मंजूर करताना केवळ मशीनची किंमत पाहू नये. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली, तर मॉलिब्डेनम धातूची तीच तार पुढेमागे फिरवून कापणारे स्वस्त मशीन येण्याची शक्यता मोठी. ते पंच-डायला आणि जाडसर कामाला चांगले आहे. मोल्डच्या ज्या कडांनी प्लास्टिक अडवायचे, त्यांना लागणारी सफाई त्यावर सहसा मिळत नाही. शिवाय वायर कट कोणतेही असो, तार आरपार जावी लागते. म्हणून कडक पोलादात सुरुवातीचे भोक पाडणारे ड्रिल आणि तळ बंद असलेल्या कॅव्हिटीसाठी (खोबणीसाठी) साधे स्पार्क मशीन सोबत असल्याशिवाय मोल्डचे काम पूर्ण होत नाही.

त्याहून मोठा प्रश्न जागेचा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये हे मशीन चालणार नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे आणि दुपारच्या तापमानात सहज १० अंशांचा फरक पडतो, तेव्हा २०० मिलिमीटरची प्लेट २४ मायक्रॉनने बदलते, म्हणजे वर सांगितलेल्या फटीइतकीच. त्यामुळे बंद आणि चोवीस तास एकाच तापमानाची खोली हवीच. आपल्या बोअरचे पाणी जड असल्याने क्षार काढणारे रेझिन लवकर संपते; त्याचा खर्च आणि पाणी आधी शुद्ध करण्याची सोय अंदाजपत्रकातच धरावी. कट चालू असताना वीज गेली तर मशीन पुन्हा त्याच जागेपासून सुरू करता येते, पण पृष्ठभागावर रेघ राहते आणि तीच रेघ पुढे प्रत्येक कनेक्टरवर उमटते. औद्योगिक फीडर, स्टॅबिलायझर आणि जनित्र यांची तजवीज मशीन येण्याआधी झाली पाहिजे.

ते चालवणारे हात बाहेरून आणण्याची गरज नाही. चंद्रपूरला सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरला मोल्ड-डायचे काम शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि आयटीआयमध्ये डाइज व मोल्ड्ससाठी टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. ही कामे शिकलेली आमच्या गावांतील मुले चाकण, वाळूजकडे नोकरीला जातात. सुविधा केंद्राच्या मंजुरीतच दोन प्रशिक्षित ऑपरेटरचा पहिल्या तीन वर्षांचा पगार धरावा आणि जवळच्या आयटीआयच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून ठराविक दिवस त्या मशीनवर काम करू द्यावे, अशी जिल्हा उद्योग केंद्राला आणि आमच्या लोकप्रतिनिधींना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक मोल्ड कारागीर,
हिंगणघाट, जि. वर्धा