टेम्परेचर कमी म्हणजे पार्ट सेफ, असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी रिपेअरिंगवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला, छान होता, पण त्यातलं एक वाक्य खटकलं म्हणून लिहितोय. नाजूक पार्ट असेल तर सोल्डरिंग आयर्न (सोल्डर नावाचा धातू वितळवून पार्ट बोर्डाला जोडायचं हत्यार) जमेल तेवढं कमी टेम्परेचरवर ठेवा, असं त्यात आहे. मीही शिकताना हेच करायचो. 250 वर ठेवायचं, टिप टेकवून बसायचं, सोल्डर काही नीट वितळेना, मग जरा दाबायचं, घासायचं, आणि शेवटी पॅडच, म्हणजे पार्ट जोडायचा बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, उचकटून टिपेबरोबर वर यायचा. तो बोर्ड गेलाच.

झालं काय, तर उष्णता किती वेळ लागली हे मी बघतच नव्हतो. 63/37 चं (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) शिसंवालं सोल्डर 183 डिग्रीला वितळतं, बिनशिशाचं नेहमीचं 217 ते 220 च्या आसपास, त्यामुळे वाटतं की 250 भरपूर झालं. पण टिप टेकली की पॅडचं तांबं उष्णता ओढून घेतं, त्यात तो पॅड ग्राउंडला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला, जोडलेला असला तर बघायलाच नको, टिप गार पडते आणि आपण वीस वीस सेकंद धरून बसतो. तेवढ्या वेळात उष्णता पायातून पार्टच्या आत जाते, पॅड खालून सुटायला लागतो, आणि एवढं करून जॉइंट ड्राय सोल्डरच, म्हणजे वरून जोडलेला दिसतो पण नीट धरलेला नसतो. त्यापेक्षा शिसंवाल्याला 300 ते 330, बिनशिशाच्याला 340 ते 360 ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत काम उरका. नाही जमलं तर टिप उचला, गार होऊ द्या, फ्लक्स (धातूवरचा गंज साफ करणारा लेप) लावा, परत करा.

आता 400 च्या वर नेऊन ठेवणारेही आहेत, तेही चूक. फ्लक्स साफसफाई करायच्या आधीच जळतं, टिप काळी पडते, काळ्या टिपेला सोल्डर धरत नाही म्हणून उष्णता पुढे जात नाही, मग माणूस आणखी वाढवतो.

आणि टिप! बारीक पार्ट म्हणून सगळे सुईसारखी टिप घेतात, पण तिचा पॅडला स्पर्शच इतकासा होतो की उष्णता जाणार कुठून? पॅडच्या रुंदीएवढी चपटी टिप घ्या, मी तर म्हणेन टेम्परेचरच्या आधी टिपच बदलून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच 20-30 डिग्री कमी करता येतात.

सिरॅमिक कपॅसिटरच्या अंगाला गरम टिप लावू नका, आत तडा जातो आणि डोळ्यांना दिसत नाही. खरंच कमी टेम्परेचर पाहिजे असेल तर 138 ला वितळणारं बिस्मथवालं सोल्डर मिळतं, पण ते ठिसूळ असतं, आणि जुनं शिसंवालं सोल्डर पूर्ण काढल्याशिवाय वापरू नका, कारण दोन्ही मिसळले की त्यातला काही भाग 96 डिग्रीलाच वितळू शकतो, म्हणजे वस्तू चालू असताना तापली तर जॉइंट सुटायची भीती.

घरी शिकणाऱ्या मुलांकडे बहुतेक वेळा एकच बोर्ड असतो आणि तो बिघडला की ती हा नाद सोडून देतात, हे मी पाहिलंय. म्हणून विनंती, पुढच्या लेखात डिग्रीच्या आकड्याशेजारी सेकंदही छापा.

आपला,
एक नियमित वाचक