प्रबंधाची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आपल्या राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग घेता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रबंध त्याला स्वतः लिहावा लागतो. संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी या टप्प्यावर २०२७-२८ मध्ये पोहोचेल. श्रेयांक, शुल्क आणि पीएच.डी.ची पात्रता यांविषयी पालकसभांत भरपूर बोलले जाते. मात्र प्रबंधाचे पहिले पान लिहिण्याआधी विद्यार्थ्याने काय करायचे असते, हे त्याला कोणी सांगत नाही. सव्वीस वर्षे पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवल्यानंतर मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे येणारा विद्यार्थी विषय घेऊन येतो, प्रश्न घेऊन येत नाही. ‘सातारा जिल्ह्यातील दुष्काळ’ हा विषय झाला. त्यावर हजार पाने लिहिली तरी तो संपणार नाही आणि दहा पाने लिहिली तरी त्यातून नवे काही हाती लागणार नाही. त्याच विद्यार्थ्याबरोबर दोन-तीन दुपारी बसून बोलले की हळूहळू प्रश्न आकार घेतो : १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातील एखाद्या गावातून दुष्काळी कामांवर किती स्त्रिया गेल्या, त्यांना मजुरी कोणाच्या हातात मिळत होती, आणि काम संपल्यावर त्यांच्या घरातील व्यवहारात काही बदलले का? हा प्रश्न वर्षभरात पेलता येतो, त्याचे उत्तर आधीपासून ठाऊक नसते, आणि ते शोधण्यासाठी कोठे जायचे हेही प्रश्नातूनच कळते. विषयाचा असा प्रश्न व्हायला माझ्या अनुभवात दोन-तीन महिने लागतात, आणि नेमके तेच महिने आपल्या वेळापत्रकात कोठेही धरलेले नाहीत.

वरचेच उदाहरण पुढे नेतो, कारण तयारी म्हणजे काय ते त्यातून स्पष्ट होते. गावाच्या लोकसंख्येसाठी १९७१ आणि १९८१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिका पाहाव्या लागतील. सरकारने त्या वेळी काय ठरवले हे विधिमंडळातील चर्चांच्या छापील वृत्तांतांत सापडेल. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा १९७२ ची कामे आणि कायद्यानंतरची कामे यांत गल्लत होणार नाही, याची काळजीही आधीच घ्यावी लागेल. पुण्यातील गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात अर्थव्यवहारावरचे जुने अहवाल आहेत. आपल्या प्रश्नावर याआधी कोणी काम केले आहे का, हे ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावरील पीएच.डी.च्या प्रबंधांत पाहता येते, आणि तेही विनाशुल्क. पण या सगळ्यांपेक्षा मोलाची साधने गावातच, ओसरीवर बसलेली आहेत. ज्या बायकांनी विशीत पाझर तलावांवर माती वाहिली आणि खडी फोडली, ज्यांना दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव आणि रेशनवरच्या मिलो या लाल ज्वारीची भाकरी अजून आठवते, त्या आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. कागद आणखी दहा वर्षे थांबतील, या आज्या थांबणार नाहीत. म्हणूनच दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्याने गावी जाऊन, आधी परवानगी घेऊन, शांतपणे ऐकण्याचा आणि ऐकलेले त्याच संध्याकाळी लिहून काढण्याचा सराव केला पाहिजे.

टिपणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझी एक अत्यंत कष्टाळू विद्यार्थिनी फेब्रुवारीत माझ्याकडे रडवेली होऊन आली. तिच्या वहीत जवळजवळ दोनशे उतारे होते. पण कोणता उतारा कोणत्या ग्रंथातला, कोणत्या पानावरचा आणि त्यातली कोणती वाक्ये तिची स्वतःची, हे तिलाही सांगता येत नव्हते. तिने कोणाचे काही चोरले नव्हते, तरीही प्रबंधात चोरीचा आरोप येण्याइतपत गोंधळ झाला होता, आणि पुन्हा ग्रंथालयात जाऊन पाने शोधण्यात तिचे पाच आठवडे गेले. तिला पहिल्याच दिवशी नीट टिपण घ्यायला मी शिकवले नव्हते. ही चूक माझी होती. लेखक, ग्रंथ, वर्ष, पान आणि अवतरण असेल तर अवतरणचिन्ह, एवढे पाळायला संगणक लागत नाही. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांना संदर्भांची नोंद ठेवणारी झोटेरोसारखी मोफत साधने उपलब्ध आहेत.

ही तयारी करून घेतली नाही तर काय होते, तेही आपण पाहतो. अनेक गावांत झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, नाव तेवढे बदलायचे. मुलांना त्याबद्दल दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण ज्याला प्रश्न कसा पडतो हेच कोणी दाखवले नाही, तो परीक्षेच्या तोंडावर उत्तर विकत आणणारच. प्रत्येक महाविद्यालयाने तिसऱ्या सत्रापासून, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून, आठवड्यातील एक तासिका केवळ यासाठी राखावी, तीत मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचा आराखडा वाचावा, आणि त्या तासिकेची नोंद शिक्षकाच्या कार्यभारात व्हावी, ही माझी विद्यापीठांना विनंती आहे. कार्यभारात न धरलेले काम कोणत्याही महाविद्यालयात फार दिवस टिकत नाही.

शेवटी एक विनंती आपल्याकडेही आहे. तालुक्याच्या पातळीवर काय घडले, याचे सर्वांत तपशीलवार टिपण अनेकदा जिल्हा वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतच असते. महाविद्यालयाचे पत्र घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस जुने बांधीव अंक पाहू द्यावेत आणि तसे आपल्याच अंकात जाहीर करावे. अंक हाताळायचे कसे हे शिकवायला मी स्वतः येऊन बसेन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा