बीबी का मकबऱ्याच्या गिलाव्यासाठी कामाचं वेळापत्रक बदला

प्रति,
मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री, भारत सरकार

महोदय,

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला ताजमहालाची स्वस्तातली नक्कल म्हणून हिणवलं जातं. आम्हाला हे मान्य नाही. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगमची ही कबर १६६०च्या सुमारास वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांनी उभी केली. खर्चाचा जुना आकडा ६,६८,२०३ रुपये. मुख्य इमारतीत संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर आहे; मधल्या भिंती बेसाल्टच्या, वरून चुन्याचा गिलावा. कमी पैशात त्या कारागिरांनी चुन्याकडून संगमरवराचं काम करून घेतलं. तो गिलावा गेला, की मागे उरेल काळा दगड.

म्हणून पहिली मागणी: दुरुस्तीचं वेळापत्रक चुन्याच्या चालीने ठरवा.

कळीचा चुना पाण्यात विरवून खड्ड्यात किमान तीन महिने मुरू द्यावा लागतो. घाईत वापरला, तर न विरलेले खडे भिंतीवर गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. मुरलेला चुना वाळू आणि सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) चुन्याच्या घाण्यात मळायचा. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी किती घालायचं, ते नमुने लावून ठरवायचं. एकेक थर दहा-बारा मिलिमीटरच्या आतच हवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड होतो. जाड थर वरून कडक होतो, आत कच्चाच राहतो. शेवटचा पातळ थर संगमरवराच्या भुकटीचा, गुळगुळीत दगडाने घोटलेला. त्यानंतर दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा गिलावा पकडण्याआधीच सुकतो आणि तडकतो. पावसात ओल हटत नाही. कामाचे महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. म्हणजे चुना जूनमध्येच खड्ड्यात पडायला हवा, आणि त्याची खरेदी मुख्य निविदेच्या आधी, वेगळी व्हायला हवी. निधी डिसेंबरात आला आणि बिलं मार्चमध्ये काढायची ठरली, तर सगळ्यात चांगला गवंडीसुद्धा हात टेकतो. मग कोणीतरी सिमेंट आणतं.

सिमेंट वाफ अडवतं. भिंतीतली ओल मागे कोंडते, त्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुलतात आणि शेजारचा धडधाकट जुना गिलावाही उचलून टाकतात. पावसाळ्यात चढणाऱ्या काळ्या शेवाळ्यावर ॲसिड मारणं तितकंच वाईट. चुना आम्लात विरघळतो; नक्षीच्या कडा पहिल्याच धुण्यात बोथट होतात.

आणखी एक गोष्ट मोजमापाची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा मेलेला नसतो. बारीक भोक पाडून आत चुन्याची पातळ लापशी सोडली आणि फळीने दाबून धरला, तर तो पुन्हा दगडाला धरतो. पण पैसे नव्या गिलाव्याच्या चौरस मीटरवर मिळत असतील, तर जुना वाचवणारा ठेकेदार तोट्यात जातो आणि सतराव्या शतकातली वेलबुट्टी छिन्नीखाली पडते. दरपत्रकात 'वाचवलेला मूळ गिलावा' ही बाब घाला, तिचा दर नव्यापेक्षा जास्त ठेवा आणि परांची उतरण्याआधी प्रत्येक भाग ठोकून तपासण्याची अट घाला.

कळावे,
आपले,
चुन्याचे काम करणारे कारागीर आणि वास्तुसंवर्धक