नाना, पेटी वाजू लागली

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सत्काराला येत नाही, शाल-श्रीफळ घेत नाही, ग्रामसभेत अभिनंदनाचा ठरावही मांडू देत नाही. मग आम्ही करायचं काय? म्हणून शाळेतल्या संगीत-चित्रकलेला तुम्ही दिलेल्या हाताबद्दल आभाराचं हे उघडं पत्र. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते. गावाचं नावही गाळते, नाहीतर पैठण तालुक्यात तुम्हाला ओळखायला लोकांना कितीसा वेळ लागणार!

पहिल्यांदा शाळेत आलात ते हातात नकाशाची गुंडाळी घेऊन. मोठं सभागृह, पुढं रंगमंच, वर पत्रा, बाजूला कपडे बदलायच्या दोन खोल्या. मुख्याध्यापक सरांचा चेहरा खुलला होता. मध्येच मी तोंड घातलं, "नाना, स्टेज होईल, पण त्यावर गायला शिकवणार कोण?" सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की बास. पण तुम्ही गुंडाळी बाजूला ठेवली आणि म्हणालात, "सांगा."

तेव्हा सांगितलं तेच इथं पुन्हा लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव या विषयांच्या अंशकालीन निदेशकांची, म्हणजे ठरावीक तासांपुरत्या येणाऱ्या शिक्षकांची, तरतूद आहे. पण कधी? पट शंभराच्या वर असेल तर. आमच्यासारख्या पुनर्वसित गावच्या शाळेत एवढी लेकरं आणायची कुठून? म्हणजे चित्रकला वेळापत्रकात असते, शिकवणारा नसतो. त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकायचा, नाहीतर "शांत बसून काहीतरी काढा" म्हणायचं. संगीताचं तर नावच नको. पंधरा ऑगस्ट जवळ आला की मोबाइलवर गाणं लावून पोरांना नाचवायचं, झालं स्नेहसंमेलन.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "मशीन घेतली आणि ऑपरेटर ठेवला नाही, तर ती भंगारातच जाते." नकाशा गाडीत गेला तो परत बाहेर आला नाही. महिन्याभरात एक संगीताचे गुरुजी आणि एक चित्रकलेच्या बाई आठवड्यातले ठरलेले दिवस शाळेत यायला लागल्या. त्यांचं मानधन तुमच्याकडून, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. आभार मुख्यतः याचे आहेत, नाना. इमारतीला पैसे देणारे भेटतात. तिच्यावर पाटी लागते, फीत कापता येते, फोटो येतो. कुणाच्या पगाराला पैसे देणारा माणूस शोधून सापडत नाही, कारण पगाराचं उद्घाटन होत नसतं.

कायद्याची सक्ती म्हणावी तर तीही तुमच्यावर नाही. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायचे ते पाच कोटींच्या वर नफा किंवा हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींचं नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांनी. तुमच्या कारखान्याची वाळूजची दोन शेडं त्यात कुठं बसतात! पैसा तुमच्या खिशातला, आणि तो कसा आला हे गावाला माहीत आहे. जायकवाडी धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा तुम्ही चौथीत होता. जमीन बुडाली, घर बुडालं, शाळाही बुडाली. पुढं आयटीआयला टर्नरचा ट्रेड केलात. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणाऱ्या छोट्या शॉप निघाल्या, आणि त्यातल्याच एकीत तुम्ही हेल्पर म्हणून लागलात. भाड्याच्या शेडमध्ये जुना लेथ टाकला तो त्याच्या बऱ्याच नंतर. हे सगळं मला तुमच्याकडून नाही, तुमच्या चुलतभावाकडून कळलं. तुम्ही स्वतःबद्दल विचारलं की चहा मागवता.

आता पेटीचं लिहिते.

भजनी मंडळाची ती जुनी हार्मोनियम मारुतीच्या देवळात माळ्यावर पडून होती. गाव उठलं तेव्हा भांडीकुंडी, धान्याच्या कणग्या आणि ती पेटी एकाच बैलगाडीतून नव्या गावठाणात आली, असं म्हातारी माणसं सांगतात. तुमचे वडील तिच्यावर काळी दोनच्या पट्टीत अभंग म्हणायचे म्हणे. आम्ही खाली उतरवली तेव्हा भाता उंदरांनी कुरतडलेला, मधल्या सप्तकातले दोन सूर मुके, आणि पुढच्या स्टॉपच्या, म्हणजे हवा सोडायच्या-अडवायच्या, खुंट्या सगळ्या गायब. गुरुजी म्हणाले, नवीन घेतलेली परवडेल. तुम्ही म्हणालात, "आधी उघडून तर बघू." आणि शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून (तो तुमच्या खिशात कायम असतो, हे तेव्हा कळलं) वरची फळी काढलीत. भाता आणि सूर संभाजीनगरच्या कारागिराकडून करून घेतले. खुंट्या मात्र तुम्ही स्वतः लेथवर काढल्या. पितळी, डोक्याला बारीक खाचा पाडलेल्या, म्हणजे पोरांची बोटं घसरू नयेत. आमची सहावीतली मुलगी आधी खुंटी ओढते, मग एकदा खाचांवरून अंगठा फिरवते आणि मगच सा धरते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

त्याच पेटीवर सराव करून यंदा आमची काही मुलं गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसली. नाथषष्ठीला पैठणला जाऊन शाळेनं भारूडही केलं. दाढी लावलेला बुवा दुसऱ्याच कडव्यात हसत सुटला, ते सोडा.

चित्रकलेच्या बाईंचं काम शांतपणे चालतं, म्हणून त्याचा बोलबाला कमी. शासकीय ग्रेड परीक्षेतली एलिमेंटरी आमच्या शाळेतून आधी कुणी दिली नव्हती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्दच नवे. स्मरणचित्राच्या सरावात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एका पोरानं उसाची ट्रॉली भरताना काढली. फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन चढणारी बाई त्यानं पाठमोरी काढली होती आणि तिच्या पायाखालची फळी वाकलेली दाखवली होती. बाई म्हणाल्या, फळी वाकते हे बघितल्याशिवाय काढता येत नाही.

आणि ती आपली जुनी विद्यार्थिनी, जी आता संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात शिकते. तिचे वडील तुमच्यापुढं हात जोडून म्हणाले होते, "नाना, चित्रं काढून पोट भरतं का? त्यापेक्षा नर्सिंगला घालतो." मला वाटलं, आता तुम्ही भाषण कराल. तुम्ही म्हणालात, "पोट भरतं का ते मला ठाऊक नाही. फी आणि खोलीभाडं मी भरतो. ती शिकते तोवर तुम्ही तिला लग्नासाठी घरी बोलवायचं नाही." बापानं मान डोलावली. आमच्या भागात शिक्षण म्हणजे लातूरला क्लास लावायचा आणि डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं. त्यात वावगं काही नाही, दुष्काळी मुलखाला नोकरीची घाई असतेच. पण दुसरीकडं वळणाऱ्या लेकराच्या मागं उभं राहायला कुणीतरी लागतं.

मराठवाड्यात असं उभं राहणं नवं नाही म्हणा. निजामाच्या राज्यात औरंगाबादची सरस्वती भुवन 1915 साली निघाली, 1921 साली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली, ती लोकांच्याच बळावर. पण म्हणून शासनाची जबाबदारी संपली असं मी मानत नाही. एका माणसाच्या खिशावर गावची कला चालावी हे काही बरं नाही. पटाची अट बदला असा अर्ज आम्ही वर पाठवला आहे, पाठवत राहू. तुमच्या चांगुलपणानं कुणाची सुटका होऊ नये एवढंच.

तुमच्याबद्दल तक्रार एकच. हिशोबाच्या बाबतीत तुम्ही फार छळता. दोन डझन ड्रॉइंग शीट घेतले तरी पक्कं बिल हवं! आमच्या फाट्यावरचा दुकानदार वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहून देतो. त्या बिलापायी मला पैठणला जावं लागतं आणि बिलापेक्षा एसटीचं भाडं जास्त होतं. ते भाडं मी हिशोबात धरलेलं नाही, हे नमूद करते.

आणखी एक मागायचं आहे. आभाराच्या पत्रात मागणी शोभत नाही, पण तुम्हाला समोर बसून सांगायला गेलं की चहा येतो. गुरुजी पैठणहून मोटारसायकलनं येतात. पेट्रोलचे भाव तुम्हाला माहीतच आहेत. ते स्वतः कधी बोलणार नाहीत. जूनपासून त्यांचं मानधन थोडं वाढवता आलं तर बघा. पखवाजाची पुडी, म्हणजे वाजवायचं कातडं, तीही बदलायला झाली आहे, पण ती लोकवर्गणीतून करू असं पालकांनी ठरवलंय. त्यात तुमच्याकडून एक रुपयाही घेणार नाही.

आपली,
शाळेतली एक शिक्षिका