वहीचे प्रत्येक पान उलटणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

बाबांच्या विम्याची रक्कम खात्यात जमा झाली, तेव्हा आईने पहिले नाव तुमचे घेतले. हे आभार मी जाहीरपणे मानत आहे, कारण आमच्यावरचा संशयही चारचौघांतच घेतला गेला होता.

पॉलिसी घेतानाच्या प्रस्ताव अर्जावरची सही आणि शेवटच्या आजारपणातील रुग्णालयाच्या कागदांवरची सही एकाच माणसाची नाही, म्हणजेच कोणीतरी तोतया उभा केला गेला, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेल्यावर ते डाव्या हाताने सही करू लागले, हे आम्ही परोपरीने सांगितले. ज्या एजंटाने आमच्या ओसरीवर बसून अर्ज भरून घेतला, त्याने फोन उचलणेच सोडले. आणि तपासाला आलेल्या गृहस्थांनी गल्लीत दारोदार फिरून ‘ही बाई खरोखर त्यांचीच बायको का?’ अशी चौकशी केली. खोटे दावे होतात आणि ते तपासलेच पाहिजेत, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी नवरा गेलेल्या बाईची अब्रू वेशीवर टांगायची गरज नव्हती.

विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षे उलटून गेलेल्या पॉलिसीला कोणत्याही कारणावरून आव्हान देता येत नाही, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितलेत. मात्र ‘विमा उतरवणारा माणूसच वेगळा होता’ असे म्हणून कंपनी त्यातूनही वाट काढू पाहील, हेही लपवले नाहीत. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही, हे आम्हाला तुमच्यामुळेच कळले. पुण्याच्या त्या कार्यालयाने आमचे शांतपणे ऐकून घेतले, त्यांचेही आभार.

पण आईच्या मनात घर करून राहिली आहे ती वेगळीच गोष्ट. डाव्या हाताला वळण लागावे म्हणून बाबांनी दुरेघी वहीत सह्या गिरवल्या होत्या. सुरुवातीच्या पानांवर नुसत्या रेघोट्या, मग रेघेबाहेर सांडलेले आडनाव आणि शेवटी रुग्णालयाच्या कागदांवर आहे तशीच सही. पुराव्यासाठी चार-सहा पाने पुरली असती, तरीही तुम्ही चष्मा पुसून एकेक पान उलटलेत आणि मध्येच थांबून आईला विचारलेत, “वहिनी, लिहिताना त्यांचा हात दुखायचा का हो?” तोवर प्रत्येकाने तिला जाबच विचारला होता. बाबांविषयी आपुलकीने विचारणारे तुम्ही पहिलेच. त्यानंतर प्रती स्वतः काढून आणल्यात आणि मूळ वही वर्तमानपत्रात नीट गुंडाळून तिच्या हाती परत दिलीत. “सुनावणीला दाखवायला आणा, पण ही कोणाच्या ताब्यात देऊ नका, ही घरातच राहू द्या,” असे बजावलेत.

इतकी वर्षे विम्याच्याच धंद्यात काढूनही समोरचा माणूस खोटाच असणार असे तुम्ही धरून चालला नाहीत, याचे मला फार मोल वाटते. असे अधिकारी प्रत्येक शाखेत एक जरी असते, तरी कितीतरी घरांचा मनस्ताप वाचला असता.

तुम्ही मोबदला घेतला नाहीत, त्याची रुखरुख आईला अजून आहे. पुढच्या महिन्यात बाबांचे वर्षश्राद्ध आहे. काकूंना घेऊन जेवायला अवश्य यावे, असा तिचा आग्रहाचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
एका विमाधारकाचा मुलगा